डबा आपला, वाइन त्यांची : बोलोन्यातल्या ओस्तेरिया देल सोलेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इटलीतल्या बोलोन्यात राहायला आले तेव्हापासून दर उन्हाळ्यात फोनवर तेच प्रश्न येतात. कुणाचा मुलगा मिलानला शिकतो, कुणाची फ्लॉरेन्सची सहल ठरलेली असते, आणि कुणीतरी सांगितलेलं असतं की बोलोन्यात साडेपाचशे वर्षांचा एक गुत्ता आहे, तिथे खाणं आपलं आपण न्यायचं. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर लिहून कंटाळले, म्हणून सगळं एका जागी. एकच विनंती : शाकाहारी मंडळींनी ८वा प्रश्न सोडू नये.

१. हे नक्की आहे काय? बार, हॉटेल, की बघण्यासारखं जुनं ठिकाण?

दारू विकणारी जुनी खोली आहे. ‘ओस्तेरिया’ हा शब्द ‘ओस्ते’वरून आला. ओस्ते म्हणजे आल्यागेल्याला आसरा देणारा यजमान. आज इटलीत ओस्तेरिया म्हटलं की बहुतेक ठिकाणी चक्क जेवण मिळतं, पण इथे जुनी रीत टिकली आहे. काउंटरवर वाइन आणि बिअर मिळते, खायला काहीही मिळत नाही. आत लांबलचक लाकडी टेबलं आहेत, बाकं आहेत, भिंतींवर जुने फोटो. लोक बाजारातून कागदात बांधून आणलेलं सामान टेबलावर उघडतात आणि सोबत वाइन घेतात. आपल्याकडे खानावळीत जेवण त्यांचं असतं, इथे उलटं आहे. डबा आपला.

संग्रहालय मात्र नाही. तिकीट नाही, मार्गदर्शक नाही, माहितीचा फलक वाचत उभं राहायला जागाही नाही. नुसतं ‘बघून’ यायला जाल तर पाच मिनिटांत बाहेर पडाल आणि म्हणाल, यात काय एवढं!

२. खरंच १४६५ पासून आहे? जगातलं सगळ्यात जुनं हेच का?

१४६५ हे साल ते स्वतः सांगतात आणि शहरही तेच मानतं. अंदाज यावा म्हणून : तेव्हा बोलोन्यावर जोवान्नी दुसरा बेन्तिवोल्यो याची सत्ता होती, दख्खनमध्ये बहमनी राजवट होती, आणि वास्को द गामा कालिकतला पोचायला अजून ३३ वर्षं होती. इथलं विद्यापीठ १०८८चं मानतात, म्हणजे ते मात्र तेव्हाही म्हातारंच होतं.

‘सगळ्यात जुनं’ म्हणाल तर नाही. बोलोन्याहून रेल्वेने अर्ध्या तासावर फेर्रारा आहे. तिथे कॅथेड्रलला लागून असलेली ‘अल ब्रिंदिसी’ १४३५ सांगते. व्हेनिसमधली ‘कान्तीना दो मोरी’ १४६२ सांगते. कोपर्निकस १४९६ साली कायदा शिकायला बोलोन्याला आला आणि १५०३ साली त्याने फेर्रारात पदवी घेतली, त्यामुळे दोन्हीकडे त्याचं नाव घेणारे भेटतात. तो कुठल्या बाकावर बसला हे कुणी सांगू लागलं तर हसून पुढे चला.

३. पत्ता असूनही सापडत नाही, असं का म्हणतात?

कारण दारावर ठसठशीत नाव नाही. ‘विनो’, म्हणजे वाइन, एवढा शब्द शोधा. गल्लीचं नाव विकोलो रानोक्की, ‘रानोक्की’ म्हणजे बेडूक. पियात्सा माज्जोरे या मुख्य चौकाच्या पूर्वेला क्वाद्रिलातेरो नावाचा जुना बाजार आहे, त्यातलीच ही बोळ. या भागात रस्त्यांची नावंच धंद्यांची आहेत : ओरेफिची म्हणजे सोनार, द्राप्पेरिये म्हणजे कापडवाले, पेस्केरिये वेक्के म्हणजे जुना मासळीबाजार. पुण्यात बोहरी आळी, तांबट आळी, तसंच.

स्टेशनवरून चालत आलात तर विया देल्ल’इन्दिपेन्देन्त्सा सरळ धरायची, वीस-पंचवीस मिनिटं. पाऊस असला तरी भिजणार नाही, कारण जवळजवळ सगळा रस्ता कमानींच्या ओसरीखालून जातो. या ओसऱ्यांना पोर्तिको म्हणतात आणि २०२१ मध्ये त्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं. बोलोन्याची मंडळी छत्री घरी विसरतात ती यामुळेच.

४. कधी जावं?

सकाळी अकराच्या सुमाराला उघडतं, रात्री साधारण साडेनऊला बंद होतं, रविवारी बंद. ऑगस्टमध्ये, विशेषतः १५ तारखेच्या फेर्रागोस्तोच्या सुट्टीच्या आसपास, अर्धं शहर समुद्रावर गेलेलं असतं. त्या काळात येणार असाल तर आधी चौकशी करा.

माझं मत विचाराल तर अकरा ते साडेबारा. बाजार ताजा असतो, आत जागा असते, कोपऱ्यात पत्ते खेळणारे आजोबा दिसण्याची शक्यता असते. संध्याकाळी सहा ते आठ ही आपेरितीवोची, म्हणजे जेवणाआधीच्या पेल्याची वेळ. तेव्हा विद्यार्थी इतके असतात की अर्धी गर्दी गल्लीत उभी. ती मजा वेगळी आहे, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने तिच्यात शिरू नये. डोक्यावर तमालपत्राची हिरवी माळ घातलेला मुलगा आणि त्याच्याभोवती बेसूर गाणारी टोळी दिसली तर घाबरू नका, त्याला आजच पदवी मिळाली आहे.

५. आत गेल्यावर नेमकं करायचं काय?

आधी जागा बघा. टेबलं सामायिक आहेत, चौघांच्या टेबलावर दोघेच बसलेत म्हणून ते ‘त्यांचं’ होत नाही. ‘ए लीबेरो?’ म्हणजे ‘रिकामं आहे का?’ एवढं विचारा आणि बसा. सामान एकाने सांभाळायचं, दुसऱ्याने काउंटरवर जायचं. वाइन तिथेच मागायची, पैसे तिथेच द्यायचे, ग्लास आपणच टेबलावर आणायचे. टेबलावर येऊन कुणी विचारत नाही. टिपेची वाट कुणी बघत नाही.

रोख पैसे जवळ ठेवा. आणि पेय त्यांच्याकडूनच घ्यायचं, हा इथला एकमेव खरा नियम आहे. खाणं कुठूनही आणा, पण पिशवीतून स्वतःची बाटली काढलीत तर तुम्ही त्यांच्या पोटावर पाय देता.

उठताना कागद, साली, चुरा स्वतः गोळा करा. लिहायला नको खरं तर, पण लिहिते आहे.

६. वाइनमधलं काही कळत नाही. काय मागू?

तीन नावं पुरे.

पिन्योलेत्तो ही बोलोन्याच्या टेकड्यांवरची पांढरी वाइन. द्राक्षाचं नाव ग्रेकेत्तो जेन्तीले, पण काउंटरवर ते नाव कुणी घेत नाही. ती बहुधा किंचित फसफसणारी असते, त्याला ‘फ्रित्सान्ते’ म्हणतात. बुडबुडे नको असतील तर ‘फेर्मो’ म्हणा.

लांब्रूस्को ही शेजारच्या मोदेना आणि रेज्जो एमिलिया भागातली लाल, फेसाळ, थंड प्यायची वाइन. परदेशात गोड लांब्रूस्को फार विकली गेली म्हणून लोक नाक मुरडतात. इथे ‘सेक्को’, म्हणजे कोरडी, मागा. मालवणी जेवणावर सोलकढी जे काम करते तेच ही चरबीयुक्त खाण्यावर करते. आंबटपणा आणि फेस दोन्ही मिळून जीभ स्वच्छ करतात आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. या मुलुखाने इतकं डुकराचं मांस खाऊन अशी वाइन का केली, हे एका घोटात कळतं.

सांज्योवेझे ही पूर्वेकडच्या रोमान्यातली लाल, बुडबुड्यांशिवायची. जरा जड.

एका ग्लासाला ‘कालिचे’ म्हणतात. ‘उन कालिचे दि पिन्योलेत्तो’ म्हटलं की झालं. तिघं-चौघं असाल तर बाटलीच घ्या, स्वस्त पडते आणि काउंटरच्या फेऱ्या वाचतात. दुर्मिळ बाटल्यांच्या शोधात असाल तर ही जागा नव्हे. इथली वाइन रोजच्या पिण्याची आहे आणि तशीच प्यावी.

७. खायला काय आणि कसं घ्यायचं?

खरं तर भेटीचा अर्धा भाग हाच आहे आणि बरेच जण घाईत तोच उरकतात. ओस्तेरियात जायच्या आधी तासभर बाजारासाठी ठेवा. विया द्राप्पेरिये, पेस्केरिये वेक्के, काप्रारिये या दोन-तीन गल्ल्यांत सगळं मिळतं.

मांस-चीजच्या दुकानाला ‘सालुमेरिया’ म्हणतात. आत गेल्यावर नंबराची चिठ्ठी देणारं यंत्र आहे का बघा. चिठ्ठी न घेता काउंटरपुढे उभं राहिलात तर दिवसभर उभे राहाल, कुणी वाईट बोलणार नाही, फक्त दिसणार नाहीत. वजन ‘एत्तो’त सांगायचं. एक एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. पाव किलो वगैरे हिशोब विसरा. दोन माणसांना ‘उन एत्तो दि मोर्तादेल्ला’ भरपूर होते. माझ्याकडे आलेल्या एका पाहुण्याने खुणेने ‘एक’ दाखवलं आणि एक किलो बांधून घेतलं. आम्ही ती आठवडाभर खात होतो.

मोर्तादेल्ला ही बोलोन्याची ओळख. डुकराचं मांस बारीक वाटून, त्यात चरबीचे पांढरे चौकोनी तुकडे घालून मंद आचेवर शिजवतात, काहींत पिस्ते असतात. तिच्यात काय घालावं याबद्दल १६६१ साली कार्डिनल फार्नेझेने फर्मानच काढलं होतं, इतका हा गंभीर विषय. पातळ कापून घ्या, ‘सोत्तीले’ म्हणा. सोबत पार्मा हॅम, पार्मिज्यानो चीजचा तुकडा, ब्रेड, थोडी द्राक्षं किंवा अंजीर. हाताने खाता येईल असंच घ्या, काप काढूनच घ्या. रस्सा, पास्ता, चमचा लागेल असं काही नको.

एक गोंधळ आधीच सोडवते : बोलोन्यात ‘क्रेशेन्तीना’ म्हणजे तळलेला फुगीर तुकडा, मोदेनात त्याच नावाने भाजलेली गोल चकती मिळते, आणि तिलाच बाकीचे ‘तिजेल्ला’ म्हणतात. मूळ तिजेल्ला ही भाजायची मातीची चकती होती. दोन्ही गावं यावर भांडतात. तुम्ही बोट दाखवा.

८. आम्ही शाकाहारी आहोत. चीज-ब्रेड घेतलं की झालं ना?

नाही. नेमकं इथेच सगळे फसतात.

पहिलं चीज. पार्मिज्यानो रेज्ज्यानो वासराच्या जठरातल्या रेनेटनेच, म्हणजे दूध गोठवणाऱ्या पदार्थानेच, करावं लागतं, नियमच तसा आहे. ग्राना पादानोचंही तेच, गोर्गोन्झोलाचंही तेच. रेनेटला इथे ‘काल्यो’ म्हणतात. लेबलवर ‘काल्यो वेजेताले’ किंवा ‘काल्यो मिक्रोबिको’ असेल तर चालेल, नुसतं ‘काल्यो’ असेल तर प्राण्याचं समजा. रिकोत्ता चीजच्या निवळीपासून होतं, त्यामुळे काटेकोर असाल तर तेही नको. मास्कार्पोने मात्र सायीत आम्ल घालून करतात, रेनेट लागत नाही. ते आणि अंजीर, एवढ्यावर मी एकदा अख्खी दुपार काढली आहे.

दुसरा ब्रेड. ब्रेडमध्ये मांस कुठून येणार, असं आपल्याला वाटतं. एमिलियात, म्हणजे बोलोन्याच्या या मुलुखात, ‘स्त्रुत्तो’ म्हणजे डुकराची चरबी पिठात मळतात. फेर्राराचा पीळदार ब्रेड कोप्पिया, पियादीना, तिजेल्ला, क्रेशेन्तीना, या सगळ्यांत परंपरेने ती असते. फोकाच्चा बहुधा ऑलिव्ह तेलाचा, तरी विचारा : ‘चे लो स्त्रुत्तो?’ दुकानदाराला या प्रश्नाचं नवल वाटत नाही, लगेच हो-नाही सांगतात. पियादीना ऑलिव्ह तेलातलीही मिळते.

तिसरं, कांदा-टोमॅटोचं फ्रिज्जोने. दिसायला अगदी आपल्या घरची भाजी, नाव विचारलं तर ‘भाजीच आहे’ म्हणतील. जुन्या पद्धतीने तेही स्त्रुत्तोत शिजतं.

मग उरतं काय? बरंच. तेलातले भाजलेले आर्टिचोक आणि वांगी, वाळवलेले टोमॅटो, ऑलिव्ह, अक्रोड, फळं, तेलातला साधा ब्रेड, दक्षिणेकडची तारल्ली नावाची खुसखुशीत कडी (पिठात बहुधा ऑलिव्ह तेलच असतं, तरी वरचाच प्रश्न विचारा). तेलातल्या भाज्यांत लसूण असतो, जैन मंडळींनी फळं-अक्रोडांवर भर द्यावा. ‘वेजेतारियानो’ म्हटल्यावर एखादा प्रेमाने ट्यूना पुढे करेल, तेव्हा ‘नियेन्ते पेशे’, मासेही नाही, असं जोडा.

९. आणि वाइन तरी शाकाहारी असते का?

द्राक्षाचा रसच, पण ती निवळ करायला काही जण अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसीन, जिलेटिन किंवा माशापासूनचा पदार्थ वापरतात. तो गाळून निघतो, तरी ज्यांना तत्त्वाचा प्रश्न आहे त्यांनी बाटलीवर ‘वेगान’ शब्द बघावा. सुट्या ग्लासाबद्दल खात्री कठीण, बाटली मागून लेबल वाचावं.

१०. घरून आणलेला चिवडा, थेपले तिथे उघडले तर चालतील?

खुशाल. कुणी डब्यात डोकावून हरकत घेत नाही. माझा अनुभव असा की चकली टेबलावर आली की शेजारचे आधी बघतात, मग विचारतात, मग त्यांच्याकडचा एक काप आपल्या कागदावर येतो. पिन्योलेत्तो आणि भाजणीची चकली ही जोडी मी कुणालाही सुचवेन. तीव्र वासाचं लोणचं मात्र बंद खोलीत नको.

खरी अडचण ओस्तेरियात नाही, विमानतळावर आहे. युरोपीय संघाबाहेरून येताना सामानात मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, तूप, पनीर अडकू शकतं. चिवडा, चकली, शेंगदाण्याची चटणी या यादीत नाहीत.

११. मी पीत नाही, नवऱ्याला जायचंय. मी बसू शकते का?

न पिणाऱ्यांनी बाहेर थांबावं, अशा अर्थाची पाटी तिथे लावलेली असते. थोडी गंमत आहे, थोडा हिशोबही : खाण्यावर त्यांना छदाम मिळत नाही, पेल्यावरच धंदा. चौघांत एक न पिणारा असला तर माझ्या बघण्यात कुणी उठवलेलं नाही. उलट झालं, एकजण पिणारा आणि सहाजण फोटो काढणारे, तर ते योग्य नाही. अशा वेळी सकाळची निवांत वेळ गाठा (प्रश्न ४) आणि काउंटरवर आधी विचारा. हो-नाही त्यांचं.

१२. मुलं किंवा वयस्कर आईवडील बरोबर असतील तर?

इटलीत १८ वर्षांखालच्यांना दारू देता येत नाही, मुलगा सतरा वर्षांचा असेल तर त्याला घोटभर चाखवायचा मोह आवरा. मुलांना दुपारीच न्या. बाकांना पाठ टेकायला नाही, आवाज घुमतो. गुडघे-कंबर दुखणाऱ्यांना अर्धा तास ठीक, दोन तास नाही.

१३. व्हेनिसच्या बाकारोसारखंच ना हे? दोन्हींपैकी एकच करायचं असेल तर?

सारखं नाही. व्हेनिसच्या बाकारोत खाणं त्यांचंच असतं : ‘चिकेत्ती’ नावाचे छोटे घास, ब्रेडवर कुटलेला कॉड मासा, आंबटगोड सार्डिन. छोट्या ग्लासाला तिथे ‘ओम्ब्रा’, म्हणजे सावली म्हणतात. सान मार्कोच्या घंटाघराच्या सावलीत विक्रेते वाइनचे ठेले सरकवत, त्यावरून नाव पडलं अशी गोष्ट सांगतात. दो मोरीत तर बसायलाच नाही, छताला तांब्याची भांडी टांगलेली आणि लोक उभे. तिथे एक ग्लास, दोन घास, पुढच्या दाराकडे. बोलोन्यात मात्र बसायचं असतं. घाईत असाल तर व्हेनिस, दुपार मोकळी असेल तर बोलोन्या.

१४. भाड्याच्या गाडीने आलो तर?

येऊ नका. जुन्या शहरात परवानगीशिवाय गाडीला मज्जाव आहे, त्याला ‘झेड-टी-एल’ म्हणतात. कॅमेरे नंबर टिपतात आणि दंड महिन्यांनी, गाडीच्या कंपनीच्या शुल्कासकट, घरी पोचतो. शिवाय चालकाच्या रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅमच अल्कोहोल चालतं. २१ वर्षांखालच्यांना आणि परवाना मिळून तीन वर्षं न झालेल्यांना शून्य. फ्लॉरेन्सहून वेगवान रेल्वेने चाळीस मिनिटंसुद्धा लागत नाहीत, मिलानहून साधारण एक तास.

१५. रिकाम्या हाताने पोचलो. आता?

ग्लास घ्यायच्या आधीच लक्षात आलं तर बाहेर पडा, बाजार दोन मिनिटांवर आहे. वाइन घेऊन बसलात आणि मग आठवलं तर एकाने जागा धरायची, दुसऱ्याने पळायचं, आम्ही सगळे तेच करतो. एकटे असाल तर शेजाऱ्याला सांगा. दुपारी काही छोटी दुकानं मिटलेली असतात, तेव्हा मेर्कातो दि मेत्सो हा झाकलेला बाजार बघा.

१६. आवडलेली बाटली भारतात आणता येईल?

विमानात हातातल्या बॅगेत नाही, चेक-इनमध्ये कपड्यांत गुंडाळून. भारतात येताना माणशी दोन लिटरपर्यंत शुल्क नाही, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या बसतात, तिसरी नाही. पण लांब्रूस्को आणि पिन्योलेत्तो या ताज्या प्यायच्या वाइन आहेत, ‘खास प्रसंगासाठी’ कपाटात ठेवून दोन वर्षांनी उघडलीत तर दोष वाइनला देऊ नका.

१७. आमच्याकडे बोलोन्यात फक्त रविवारच आहे!

मग दार बंद मिळेल, आणि ‘विनो’ या पाटीखाली उभं राहून फोटो काढणारे तुम्ही एकटे नसाल. त्यापेक्षा शनिवारीच संध्याकाळी पोचता येतंय का बघा, शेवटची तासभर गर्दी असली तरी उभ्याने एक ग्लास होतो. तेही जमत नसेल तर रविवारी जे दुकान उघडं असेल तिथून कागदी पुड्या बांधून घ्या आणि जार्दिनी मार्गेरिताला जा. जुन्या शहराच्या दक्षिण टोकाला मोठी बाग आहे, तळं आहे, आणि रविवारी अख्खं बोलोन्या तिथे गवतावर चादर टाकून असंच काहीतरी खात बसलेलं असतं.